आईच्या फाईलवर ‘पेनिसिलीन, सल्फा, पेनकिलर अ‍ॅलर्जी’ लिहिलंय, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी खरी तपासणी कशी करायची?

येरळाकाठ (विटा)

नमस्कार. आईचं वय ६१. मिरजेत उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलंय, तारीख अजून घेतलेली नाही. भूलतज्ज्ञांनी फाईल बघितली आणि थांबायला सांगितलं, कारण पहिल्याच पानावर लाल शाईत ‘पेनिसिलीन, सल्फा, पेनकिलर अ‍ॅलर्जी’ असं लिहिलेलं आहे. कुणी आणि कशावरून लिहिलं याचा पत्ता लागत नाही. घरात विचारून जेवढं हाती आलं ते असं.

सुमारे ३५ वर्षांपूर्वी गावात पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं. सुई काढता काढताच ती घामाघूम होऊन खाली बसली. तोंडावर पाणी मारून आडवं केल्यावर पाच-दहा मिनिटांत बरी झाली. अंगावर काही उठलं नव्हतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये दाढ दुखत होती म्हणून जेवणानंतर दोन गोळ्या एकदम घेतल्या: अमोक्सिसिलीन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड ६२५ आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल. पाऊण तासाच्या आत अंगभर पित्त उठलं, ओठ आणि पापण्या सुजल्या. धाप, उलटी, चक्कर नव्हती. दवाखान्यात दोन इंजेक्शनं दिली, संध्याकाळपर्यंत उतरलं.

तिसरं म्हणजे जुलाबावरची ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी घेतली की खालच्या ओठावर आणि उजव्या अंगठ्याजवळ, दर वेळी त्याच जागी, आग होऊन लाल चट्टा येतो आणि नंतर काळा डाग राहतो. हे एकाहून जास्त वेळा झालंय.

पॅरासिटामॉल ६५० चालते. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत.

एका लॅबचं रक्ताचं ‘अ‍ॅलर्जी पॅकेज’ आहे, ते करावं का? ऑपरेशनच्या दिवशी हातावर टेस्ट डोस देऊन बघू असंही एकांनी सुचवलं, तेवढं पुरतं का? आणि हे सगळं सांगली-साताऱ्यात होतं, की पुण्यालाच जावं लागेल?

--------

त्वचा_ओपीडी (मिरज)

तुम्ही तिन्ही प्रसंग सुटे करून लिहिलेत, निम्मं काम तिथंच झालं. फाईलवरच्या त्या एका ओळीत तीन वेगळ्या तऱ्हेचे त्रास एकत्र कोंबलेत. प्रत्येकाची तपासणी वेगळी आहे. एकच टेस्ट करून तिन्हींचा निकाल लागणार नाही.

इंजेक्शनचा प्रसंग अ‍ॅलर्जीचा वाटत नाही. सुई टोचताक्षणी घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आडवं केलं की काही मिनिटांत बरं आणि कातडीवर काहीच नाही, ही भोवळ आहे. अशा वेळी नाडी मंद होते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (अंगभर पसरणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीत) ती बहुधा जलद असते, खाज, पित्त, सूज किंवा धाप यांतलं काहीतरी सोबत असतं आणि तोंडावर पाणी मारून ते उतरत नाही. शिवाय पेनिसिलीनची तत्काळ अ‍ॅलर्जी खरी असली तरी दहा वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांची ओसरते. म्हणूनच हा शिक्का असलेल्यांची रीतसर तपासणी केली, तर दहापैकी नऊहून जास्त जणांना ते औषध चालतं असं दिसतं.

ऑगस्ट २०२३ चा प्रसंग मात्र हलक्यानं घेऊ नका. गोळीनंतर तासाभरात पित्त आणि ओठ-पापण्यांची सूज म्हणजे तत्काळ प्रकारची प्रतिक्रिया. पेनिसिलीनसाठी ‘पेन-फास्ट’ नावाची गुणपद्धत २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रतिक्रिया गेल्या पाच वर्षांतली असेल तर २ गुण. अ‍ॅनाफिलॅक्सिस, अशी सूज किंवा कातडीची गंभीर प्रतिक्रिया असेल तर २. उपचार द्यावे लागले असतील तर १. आईंचे पाचपैकी पाच होतात. ज्यांचे गुण तीनपेक्षा कमी, त्यांना स्किन टेस्ट न करता थेट देखरेखीखाली अमोक्सिसिलीनची गोळी देऊन बघता येते, २०२३ च्या एका मोठ्या चाचणीनं ते सुरक्षित ठरवलं. आईंच्या बाबतीत तो जवळचा रस्ता बंद. आधी स्किन टेस्ट, मगच गोळी.

पण त्या दिवशी संशयित तीन होते: अमोक्सिसिलीन, क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक. क्लॅव्हुलॅनिकची एकट्याची अ‍ॅलर्जीही असते, म्हणून नुसत्या पेनिसिलीनची टेस्ट निगेटिव्ह आली तर काम अर्धवट राहतं. वेदनाशामकांची गोष्ट निराळी. त्यांच्यामुळे येणारं पित्त आणि सूज बहुतेक वेळा अँटीबॉडीमुळे नसते. ही औषधं कॉक्स-१ नावाचं एन्झाइम अडवतात, त्यातून शरीरात ल्युकोट्राइन वाढतात आणि पित्त उठतं. म्हणून असा माणूस आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा रासायनिकदृष्ट्या वेगवेगळ्या गोळ्यांनाही तशीच प्रतिक्रिया देतो. यात स्किन टेस्टचा आणि रक्ताच्या टेस्टचा काहीही उपयोग नाही. पॅरासिटामॉल बहुधा चालतं आणि इटोरिकॉक्सिब-सेलेकॉक्सिबही बहुतेकांना चालतात, पण पहिला डोस देखरेखीत.

तेव्हा मला तुमच्याकडून सगळ्यात आधी हे हवं आहे: २०२३ नंतर आईंनी कुठलीही वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेतलं का? त्याआधी घेत होत्या का? दमा, नाकात मांसवाढ आहे का? गोळीशिवायही अधूनमधून पित्त उठतं का? (सहा आठवड्यांहून जास्त चाललेलं पित्त आपसूक येणारंही असतं आणि दोष गोळीला जातो.) बीपीच्या गोळ्यांची नावं काय? नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असणाऱ्या, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल अशा गोळ्यांनी कित्येक महिने-वर्षांनंतरही ओठ-जीभ सुजते, त्यात पित्त मात्र नसतं. त्या दिवशी घरी औषधफवारणी चालू होती का, काही चावलं होतं का, तेही आठवून बघा. तासगाव-विटा भागात द्राक्षबागेची फवारणी आणि औषधाची प्रतिक्रिया यांची गल्लत होते.

तिसऱ्या प्रसंगाला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. त्याच जागी परत परत चट्टा आणि मागे राखट-काळा डाग, इतकं ठळक चित्र दुसऱ्या कशाचं नसतं. त्या जागच्या कातडीत पांढऱ्या पेशींची आठवण मुक्कामाला राहते आणि औषध पोटात गेलं की काही तासांत तीच जागा पेटते. आपल्याकडे याची नेहमीची कारणं म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल (सल्फाचं औषध), ऑर्निडाझोल-टिनिडाझोलची जात, फ्लोरोक्विनोलोन (ऑफ्लॉक्सासिनची जात), टेट्रासायक्लिन आणि वेदनाशामकं. हातावर सुई टोचून हे कळत नाही. पॅच टेस्ट (औषध कातडीवर चिकटवून बघणं) करायची ती जुन्या डागावरच, औषध व्हॅसलिनमध्ये साधारण १० टक्के मिसळून, शेवटचा चट्टा विरल्यावर निदान सहा ते आठ आठवड्यांनी. चांगल्या पाठीवर लावलं तर खोटी निगेटिव्ह येते. हे करायचं कारण एवढंच की ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांतलं दोषी कोण ते कळावं, दोन्ही गट आयुष्यभर बंद राहू नयेत. एरवी पुन्हा घेऊन बघण्याच्या फंदात घरी पडू नका. वारंवार घेतलं की डाग वाढत जातात आणि कधी फोड येऊन अंगभर पसरतात.

आता पॅकेज. ती रक्ततपासणी बहुतेक खाण्याचे पदार्थ, धूळ, परागकण यांची असते. औषधांपैकी रक्तात शोधता येतील अशी मोजकीच आहेत, मुख्यतः पेनिसिलीन जातीची, आणि तीही निगेटिव्ह आली म्हणून अ‍ॅलर्जी नाही असं म्हणता येत नाही. तेवढे पैसे ठेवा.

टेस्ट डोसबद्दल स्पष्ट बोलतो. सेफ्ट्रायक्झोनसारखं औषध अंदाजे पातळ करून ०.१ मिली कातडीत टोचायचं आणि दहा मिनिटांनी लाली बघायची, ही सवय आहे, तपासणी नव्हे. तुलनेला हिस्टामिन नाही, सलाईन नाही, तीव्रता ठरलेली नाही. जास्त तीव्र असलं तर कुणालाही लाली येते आणि नवा खोटा शिक्का बसतो. कमी असलं तर खऱ्या रुग्णाला ‘चालतंय’ असं सांगितलं जातं. शिरेतून थोडं देऊन बघणं तर तयारीशिवाय केलेली चॅलेंज टेस्ट (देखरेखीखाली औषधच टप्प्याटप्प्यानं देऊन बघणं) झाली.

रीतसर टेस्टमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला ओळखता येईल. इंजेक्शनच्या निर्जंतुक औषधापासून ठरलेली द्रावणं करतात: बेंझिल पेनिसिलीन १०,००० युनिट प्रति मिली, अमोक्सिसिलीन २० मिलिग्रॅम प्रति मिली. क्लॅव्हुलॅनिकसह असलेलं इंजेक्शनही वेगळं घेतात. गोळी कुटून कातडीत टोचत नाहीत. आधी प्रिक: हाताच्या आतल्या बाजूला थेंब आणि त्यावर हलकी टोच. शेजारी हिस्टामिन, जे उठलंच पाहिजे, आणि सलाईन, जे उठता कामा नये. १५ ते २० मिनिटांनी सलाईनपेक्षा ३ मिमी मोठी गांधी असेल तर पॉझिटिव्ह. प्रिक निगेटिव्ह असेल तरच इंट्राडर्मल: ०.०२ ते ०.०५ मिली कातडीत, २० मिनिटांनी मोजणी. हिस्टामिन उठलं नाही तर त्या दिवशीची सगळी टेस्ट रद्द समजायची, पोटात अ‍ॅलर्जीची गोळी शिल्लक आहे.

आणि स्किन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून थांबायचं नाही. शेवटचा निकाल चॅलेंजनं लागतो: पूर्ण डोसचा दहावा भाग (जोखीम जास्त वाटली तर शंभरावा), अर्धा ते एक तास थांबून पुढचा टप्पा, पूर्ण डोसपर्यंत, आणि त्यानंतर निदान एक-दोन तास नजरेखाली. आईंची प्रतिक्रिया जुनी असल्यानं त्वचेची संवेदनशीलता कमी झालेली असू शकते, म्हणून निगेटिव्ह आलेली टेस्ट दोन ते चार आठवड्यांनी एकदा परत करायला सांगितलं तर कंटाळू नका.

एक सक्त गोष्ट, आईंना लागू नाही पण वाचणाऱ्यांसाठी: औषधानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अंगावर फोड, कातडी सोलणं, तोंड-डोळ्यांत जखमा, ताप, चेहऱ्याची सूज, कावीळ असं झालेलं असेल, तर त्या औषधाची चॅलेंज कधीच करायची नाही.

--------

मेडिकल_कराड

औषधाचं नेमकं नाव हाती नसेल तर वरचं सगळं अडतं, त्याबद्दल थोडं. फाईलमध्ये ‘अँटीबायोटिकची अ‍ॅलर्जी’ असं लिहिण्याला काही अर्थ नाही. जुनं बिल सापडलं तर त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर, तारीख असते. बिल नसेल तर दुकानात फोन नंबर किंवा डॉक्टरचं नाव सांगून जुनी नोंद काढता येते का ते विचारा, संगणकावर बिल करणाऱ्या दुकानात बहुधा निघते. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या असतील तर त्याच डॉक्टरांकडे जाऊन त्या काळात ते जुलाबाला किंवा दुखण्याला काय देत होते ते लिहून आणा. यापुढे स्ट्रिप फेकू नका, ज्या बाजूला नाव छापलंय त्या बाजूच्या गोळ्या शेवटी खा आणि मोबाईलवर फोटो ठेवा.

ब्रँड बदलून काही साधत नाही. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल आहे. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉलबरोबर प्रोपिफिनाझोन आणि कॅफिन आहे. डोकेदुखीची साधी गोळी म्हणून घेतलेल्या या सगळ्यांत वेदनाशामक आहे, तेव्हा ‘मी पेनकिलर घेतच नाही’ हे उत्तर ऐकल्यावर एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. दुकानदाराला ‘पेनकिलर चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तो निमेसुलाइड देऊन मोकळा होईल, तेही त्याच जातीचं.

स्किन टेस्टच्या आधी पाच ते सात दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद असाव्या लागतात: सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडीन, एव्हिल. पण घोळ होतो तो सर्दीच्या गोळ्यांत. त्यांतल्या बहुतेकांत क्लोरफेनिरामिन असतं आणि खोकल्याच्या औषधातही असतं. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलीनही टेस्ट दाबते. ती मात्र आपल्या मनानं थांबवायची नाही, डॉक्टरांना सांगायची. हाताला स्टिरॉइडचं मलम लावत असाल तर तेही सांगा. चालू औषधांच्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून घेऊन जा, तोंडी यादीवर विसंबू नका.

ज्यांचं निदान झालंय किंवा दाट संशय आहे त्यांनी औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करावी. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं काम आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर. रुग्णाला स्वतःला भरता येईल असा फॉर्म आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या औषधशास्त्र विभागांत अशी नोंद घेणारी केंद्रं असतात. तिथल्या माणसांना प्रसंगाची तारीखवार मांडणी कशी करायची ते चांगलं माहीत असतं, त्यांची मदत मागायला संकोच नको.

--------

येरळाकाठ (विटा)

सगळ्यांचे आभार. विचारलेल्या गोष्टी शोधल्या. दमा नाही, नाकाचा त्रास नाही, गोळीशिवाय पित्त उठत नाही. बीपीला टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल. त्या दिवशी पाऊस होता, फवारणी नव्हती.

महत्त्वाचं: फेब्रुवारी २०२४ चा एक कागद सापडला. कंबर धरली म्हणून डायक्लोफिनॅक ७५ चं इंजेक्शन दिलंय आणि पुढे तीन दिवस डायक्लोफिनॅक ५० ची गोळी सकाळ-संध्याकाळ. काहीही त्रास झाला नाही, आईला आणि वडिलांना दोघांनाही नीट आठवतंय. सल्फाचं औषध घेतल्याचं कुणालाच आठवत नाही.

--------

त्वचा_ओपीडी (मिरज)

हा कागद जपून ठेवा, त्याची झेरॉक्स फाईलला लावा. कुठल्याही प्रयोगशाळेच्या रिपोर्टपेक्षा तो जास्त बोलतो.

प्रतिक्रियेनंतर पूर्ण डोसमध्ये, तेही इंजेक्शन आणि मग तीन दिवस गोळ्या, डायक्लोफिनॅक सोसलं. ते कॉक्स-१ चांगलंच अडवतं, म्हणजे सगळ्या वेदनाशामकांना प्रतिक्रिया देण्याचा प्रकार आईंना नाही. अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि डायक्लोफिनॅक ही अगदी जवळची भावंडं, शरीरात अ‍ॅसिक्लोफिनॅकचा काही भाग डायक्लोफिनॅकमध्ये बदलतोसुद्धा. तेव्हा अ‍ॅसिक्लोफिनॅकवरचा संशय बराच उतरला आणि सगळा भार अमोक्सिसिलीन-क्लॅव्हुलॅनिकवर आला. ‘पेनकिलर’ हा शब्द फाईलवरून काढता येईल, पण तो तुमच्या सांगण्यावरून नव्हे, तपासणाऱ्या डॉक्टरांनी कारणासह लिहून आणि सही करून.

‘सल्फा’चा धागा बहुधा ओठावरच्या डागापाशी आहे. को-ट्रायमॉक्साझोल हे अशा डागांचं जुनं, प्रसिद्ध कारण, कुणीतरी डाग बघून तोच शब्द लिहिला असावा. तुमच्या तिन्ही प्रसंगांत सल्फा कुठेच नाही. ज्या औषधानं त्रास झाल्याचा प्रसंगच नाही, त्याची टेस्ट करायची नसते.

उरलं काय, तर पेनिसिलीन-क्लॅव्हुलॅनिकची स्किन टेस्ट आणि मग चॅलेंज, आणि सवडीनं डागावरची पॅच टेस्ट.

कुठे करायची. आपल्या पट्ट्यात मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सांगलीचं सिव्हिल, सांगलीत भारती विद्यापीठ, कऱ्हाडला कृष्णा, साताऱ्याचं शासकीय महाविद्यालय, इतक्या जागा आहेत. नाव बघून सरळ गाडी काढू नका. त्वचारोग किंवा छातीविकार विभागात फोन करून विचारा: पेनिसिलीनची प्रिक आणि इंट्राडर्मल टेस्ट हिस्टामिनच्या तुलनेसह करता का, चॅलेंज टेस्ट मॉनिटर लावलेल्या कॉटवर करता का, आयसीयू त्याच इमारतीत आहे का, निकाल औषधाच्या नावासह लेखी देता का. यातल्या एकालाही ‘नाही’ आलं तर पुढची जागा बघा, आणि इथे जमलं नाही तर पुणे. ‘हो, आम्ही टेस्ट डोस देतो’ असं उत्तर आलं तर ती आपल्याला हवी असलेली टेस्ट नाही.

--------

भूल_सांगली

ऑपरेशनच्या अंगानं सांगतो, कारण तुमची खरी घाई तिथे आहे. सांधा बदलताना चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत अँटीबायोटिक शिरेतून जावं लागतं. जगभरात पहिली पसंती सेफाझोलिन २ ग्रॅम (वजन १२० किलोच्या वर असेल तर ३). फाईलवर पेनिसिलीनचा शिक्का दिसला की अनेक जण ते टाळून व्हँकोमायसिन किंवा क्लिंडामायसिनकडे वळतात. हा बदल फुकट होत नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेनिसिलीनचा शिक्का असलेल्या रुग्णांत जखमेतल्या जंतुसंसर्गाची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली, आणि त्याचं कारण बदललेलं अँटीबायोटिक हेच होतं. कृत्रिम सांध्यात पू झाला तर तो सांधा काढायची वेळ येते, म्हणून गुडघ्याच्या रुग्णात मी या तपासणीचा आग्रह धरीन.

पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन (सेफाझोलिनची जात) एकाच घरातली, म्हणून दहा टक्के लोकांना दोन्ही चालत नाहीत, असं जुन्या पुस्तकांत वाचलेलं असतं. आजचा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तोही रेणूच्या बाजूच्या साखळीवर अवलंबून. अमोक्सिसिलीनची साखळी सेफाड्रॉक्सिल, सेफॅलेक्सिन, सेफाक्लोर यांच्याशी जुळते, म्हणून आईंची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ही तीन टाळायची. सेफाझोलिनची साखळी कुणाशीच जुळत नाही. त्यामुळे पेनिसिलीन पॉझिटिव्ह निघालं तरी सेफाझोलिनचा रस्ता बहुधा उघडा राहतो. टेस्ट करणाऱ्यांना त्याच दिवशी सेफाझोलिनचीही टेस्ट घ्यायला सांगा. फाईलवर मला ‘पेनिसिलीन अ‍ॅलर्जी आहे की नाही’ याइतकंच ‘सेफाझोलिन देता येईल का’ याचं उत्तर हवं आहे.

व्हँकोमायसिन द्यावंच लागलं तर एक ग्रॅमला निदान एक तास लागतो. घाईनं सोडलं की मान-चेहरा लाल होतो, खाज येते, बीपी उतरतं. ती वेगाची प्रतिक्रिया आहे, आणि नेमकी तीच पुढे ‘व्हँकोमायसिन अ‍ॅलर्जी’ म्हणून फाईलवर चढते.

डायक्लोफिनॅकचा कागद मिळाला त्याचा मला आनंद आहे. नाहीतर ऑपरेशननंतरच्या वेदनेला पॅरासिटामॉल, नर्व्ह ब्लॉक आणि ट्रामाडॉल एवढ्यावरच भागवावं लागलं असतं. अर्थात ६१ व्या वर्षी बीपी असताना किडनी बघूनच डायक्लोफिनॅक द्यायचं, तो प्रश्न वेगळा.

--------

वॉर्ड_सिस्टर

टेस्टच्या दिवसाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ताप, सर्दी-खोकला, दम लागणं असेल तर त्या दिवशी जाऊ नका, तारीख पुढे घ्या. हात दोन्ही मोकळे असावेत, मेंदी, तेल, मलम नको. अर्धा दिवस लागतो, चॅलेंज असेल तर पूर्ण धरा. सोबत एक माणूस पाहिजे, विट्यापर्यंत आईंना एकटं एसटीनं परत पाठवू नका. संध्याकाळी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोचल्या जागी लाली-गाठ आली तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि पाठवा, उशिराच्या प्रतिक्रिया अशाच पकडल्या जातात.

टेस्ट सुरू होण्याआधी शीर धरलेली आहे का, ऑक्सिजन आहे का आणि अ‍ॅड्रेनलिन ट्रेमध्ये काढून ठेवलंय का ते बघायचा तुम्हाला हक्क आहे. मोठ्या माणसाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. धाप, आवाज बसणं, बीपी उतरणं यांत पहिलं औषध तेच. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर, ती त्याची जागा घेत नाहीत. रुग्णाला झोपवून पाय वर करायचे, एकदम उठवून बसवायचं नाही. घरी असं झालं तर १०८.

पुढे कधी प्रतिक्रिया आलीच तर दवाखान्यात सांगा की सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत, उशिरात उशिरा चार तासांत, ट्रिप्टेजसाठी (अ‍ॅलर्जीच्या वेळी रक्तात वाढणारा पदार्थ) रक्त काढून ठेवा, आणि बरं वाटल्यावर २४ तासांनी परत एकदा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की खरी अ‍ॅलर्जी होती का ते सांगणं पुष्कळ सोपं होतं. एकच नमुना घेतला तर तुलना कशाशी करणार.

--------

येरळाकाठ (विटा)

मेटोप्रोलॉल चालू आहे त्याचं काय? टेस्टच्या आधी बंद करायचं का? आणि ऑपरेशनची तारीख किती लांब धरू?

--------

त्वचा_ओपीडी (मिरज)

आपल्या मनानं अजिबात बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर एकदम थांबवलं तर नाडी आणि बीपी उसळतं. अडचण अशी की प्रतिक्रिया आलीच तर या गोळीमुळे अ‍ॅड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो. त्यामुळे चॅलेंजच्या आधी गोळी बदलायची, काही दिवस कमी करायची की चालूच ठेवायची, हे तपासणारे डॉक्टर आणि बीपीचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायचं. फोनवर पहिल्यांदाच सांगा की मेटोप्रोलॉल चालू आहे, तिथे पोचल्यावर नको. ग्लुकागॉन उपलब्ध आहे का हेही त्यांना विचारता येईल. अ‍ॅड्रेनलिनला दाद मिळाली नाही तर अशा रुग्णात ते वापरतात.

तारखेचं म्हणाल तर पहिली भेट, गोळ्या थांबवायचा आठवडा, स्किन टेस्ट, गरज पडल्यास दोन-चार आठवड्यांनी परत टेस्ट, मग चॅलेंज, असं धरून निदान दोन महिने हातात ठेवा. डागाची पॅच टेस्ट ऑपरेशननंतर झाली तरी चालेल, तोवर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल, दोघांच्या जातभाईंसह, बंद.

रिपोर्ट घेताना त्यात पुढची वाक्यं आहेत ना बघा: अमुक औषध, अमुक तारखेला, अमुक डोसपर्यंत देऊन पाहिलं, चाललं किंवा चाललं नाही. टाळायची औषधं नावानिशी. चालतील अशी औषधं नावानिशी, त्यांत सेफाझोलिन आणि डायक्लोफिनॅक यांचा उल्लेख. ऑर्निडाझोल-ऑफ्लॉक्सासिनपुढे ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ असं लिहिलेलं, नुसतं ‘अ‍ॅलर्जी’ नव्हे. मग फाईलवरची जुनी लाल ओळ आडवी रेघ मारून, तारीख घालून रद्द करून घ्या. ती तशीच राहिली तर रात्रपाळीचा डॉक्टर नवा रिपोर्ट न वाचता तीच वाचेल. आईंच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवा आणि गावातल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला त्याची एकेक प्रत द्या.